नाउमेदीच्या बोलांपुढे भरवसा

देवावरचा भरवसा हा ख्रिस्ती जीवनाचा पाया मानला जातो. परंतु त्याची खरी कसोटी लागते ती बहुतेक वेळा माणसांच्या बोलण्यापुढे, आणि असे बोलणारे सहसा परके नसतात, तर घरचे, जातभाई, गावकरी किंवा स्वतःच्याच मंडळीतले, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समुदायातले असतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत ख्रिस्ती समाज लहान आणि विखुरलेला असल्यामुळे ‘चार लोक काय म्हणतील’ हा प्रश्न येथे अधिकच जवळून भेडसावतो. शेकडो माणसांची मंडळी पाठीशी असलेल्या शहरी विश्वासणाऱ्याला जो आधार आपसूक मिळतो, तो दोन-चार ख्रिस्ती घरांच्या गावात मिळत नाही, आणि म्हणून येथील भरवशाचा विचार करताना नाउमेद करणाऱ्या माणसांचाही विचार करावाच लागतो.

बायबलच्या जुन्या करारात या विषयाचे सर्वांत स्पष्ट चित्र नहेम्याच्या पुस्तकात आढळते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इराणच्या राजाच्या पदरी प्यालेबरदार असलेला हा यहुदी माणूस यरुशलेमची पडलेली तटबंदी पुन्हा उभारण्यासाठी आला, तेव्हा सनबल्लट आणि तोबीया या शेजारच्या सत्ताधाऱ्यांनी प्रथम त्याची टर उडवली, या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल असे तोबीया म्हणाला, आणि टवाळीने काम थांबत नाही असे दिसताच हल्ल्याच्या धमक्या सुरू झाल्या. नहेम्याने प्रार्थना केली आणि पहारेही बसवले. बांधणाऱ्यांनी शस्त्र जवळ बाळगून काम चालू ठेवले, आणि बावन्न दिवसांत तट पुरा झाला. प्रवचनांतून ही कथा बहुधा येथेच संपवली जाते, आणि ते योग्य नाही. कारण याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात गरीब यहुदी कुटुंबे तक्रार घेऊन येतात: धान्यासाठी शेते गहाण पडली, कर्जापायी मुले-मुली दास झाली, आणि सावकार तर आपलेच भाऊबंद आहेत. टवाळखोरांकडे पाठ फिरवणारा नहेम्या ही तक्रार मात्र ऐकून घेतो, संतापतो आणि श्रीमंतांना शेते परत करायला लावतो. देवावर भिस्त ठेवणारा माणूस कान बंद करत नाही. कोणत्या आवाजाला मान द्यायचा आणि कोणत्याला नाही, हे तो देवासमोर उभा राहून ठरवतो, आणि ख्रिस्ती भरवशाचे मर्म या निवडीतच आहे.

नहेम्या हेच नाव घेऊन चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आलेल्या एका मराठी माणसाच्या आयुष्यात ही निवड फार वेदनेने घडली. नीळकंठ गोरे यांचा जन्म 1825 साली चित्पावन ब्राह्मण कुळात झाला आणि त्यांचे शास्त्राध्ययन काशीत झाले. ख्रिस्ती मताचे खंडन करणारा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी तरुणपणीच लिहिला होता, त्यामुळे ज्या धर्माविरुद्ध लेखणी चालवली त्याच धर्माचा स्वीकार त्यांनी 14 मार्च 1848 रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन केला, तेव्हा काशीच्या पंडितवर्तुळाला तो केवळ धर्मत्याग नव्हे तर विश्वासघात वाटला असल्यास नवल नाही. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी. त्या काळी त्याचा व्यावहारिक अर्थ पंगत, नाती आणि वारसा या सर्वांना एका दिवसात मुकणे असा होता. मुलगी एलन लक्ष्मी तान्ही असतानाच पत्नी निवर्तली, आणि पुढे ती मुलगी परक्या घरी, इंग्लंडमध्ये वाढली. तीच एलन लक्ष्मी गोरे देवाच्या सान्निध्यातील आसऱ्यावर गीत रचणारी कवयित्री म्हणून इंग्रजी ख्रिस्ती जगात ओळखली गेली, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

गोरे यांची विद्वत्ता वादातीत होती. भारतीय दर्शनांची चिकित्सा करणारा त्यांचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ लवकरच इंग्रजीत गेला, आणि 1854 मध्ये पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्यासोबत ते इंग्लंडलाही जाऊन आले होते. अशा माणसाने मोठ्या शहरात प्रतिष्ठेने राहावे अशीच कोणाचीही अपेक्षा असती. त्यांनी मात्र 1870 च्या सुमारास धर्मगुरूची दीक्षा घेतल्यानंतर मध्य भारतातील दूरच्या ठिकाणी काम पत्करले, आणि त्यांपैकी एक ठिकाण चांदा होते. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या दरवाजांचा परकोट असलेले हे जुने गोंड राजधानीचे शहर तेव्हा मध्य प्रांतातील जिल्ह्याचे ठाणे होते आणि भोवती दाट जंगल होते. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचे, म्हणजे बिशपांच्या अधिकाराखाली चालणाऱ्या तेथील प्रोटेस्टंट पंथाचे, मिशन या शहरात रुजले, त्याच्या प्रारंभीच्या काळाशी गोरे यांचे नाव निगडित आहे. मोजता येईल असे यश तेथे अल्पच होते.

त्यांच्याबाबतीत सर्वांत मोलाची गोष्ट ही की नाउमेदीचा आवाज त्यांच्या स्वतःच्या मनातूनही येत असे. आपल्या श्रद्धेला पुरेसा बौद्धिक आधार आहे का, या शंकेने त्यांना आयुष्यभर छळले. एका संन्यस्त ख्रिस्ती संघात ते दाखल झाले, परंतु अंतिम व्रते घेण्याइतकी खात्री त्यांना वाटली नाही आणि 1895 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते नवदीक्षितच राहिले. तरीही त्यांनी वाट सोडली नाही. शंका नसणे म्हणजे भरवसा, असे सांगणारे उपदेशक अनेक आहेत. गोरे यांचे जीवन पाहता ते सांगणे तोकडे वाटते.

त्यांच्या पत्रांनी आणि लेखनाने ज्यांना आधार दिला त्यांत संस्कृत विदुषी आणि समाजसुधारक पंडिता रमाबाई होत्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रातून टीकेचा भडिमार झाला. आणि ज्या ख्रिस्ती भगिनींनी आश्रय दिला त्यांनीही, मंडळीच्या अधिकारापुढे बुद्धी नमवत नाही म्हणून, त्यांना बोल लावले. पुढे 1893 मध्ये पुण्यातील त्यांच्या शारदा सदन या निवासी शाळेत मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात या कारणावरून सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांच्या चिंतेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण परधर्मीयांच्या लेकी सांभाळणाऱ्याने त्यांच्या आईबापांचा विश्वास जपणे हे कर्तव्यच होय. परंतु स्वतःची प्रार्थना दार लावून करण्याचे बंधन रमाबाईंनी मानले नाही. माणसांचा आधार असा गळून पडल्यावर 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले.

दुष्काळाने चांदा भागालाही सोडले नाही. अशा उपासमारीच्या काळात श्रद्धावंताच्या वाट्याला जी बोलणी येतात ती ईयोबाच्या मित्रांसारखी असतात. ईयोब हा जुन्या करारातील नीतिमान माणूस. संपत्ती, मुले आणि प्रकृती गमावल्यावर त्याला भेटायला आलेले अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, आणि तोंड उघडताच हे तुझ्याच पापाचे फळ असे सुचवू लागले. त्या पुस्तकाच्या शेवटी देव या मित्रांवर रागावतो, आणि देवाशीच भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र रास्त ठरते. आजारी माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगणाऱ्या आजच्या प्रार्थनासभांनी हा भाग पुन्हा वाचायला हवा. विश्वासाच्या भाषेत दिलेला तो घाव शेजाऱ्याच्या टोमण्यापेक्षा खोल जातो.

नाउमेदी माणसांच्या बोलांतून येते तशी परिस्थितीतूनही येते. रोमन कॅथलिक परंपरेत 1962 मध्ये चांदा हे स्वतंत्र धर्मक्षेत्र करून केरळच्या सिरो-मलबार मंडळीकडे, म्हणजे संत थॉमसशी नाते सांगणाऱ्या पूर्वेकडील पंथाकडे, सोपवण्यात आले, आणि 1977 मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. परप्रांतातून आलेल्या त्या धर्मगुरूंना मराठी, गोंडी आणि माडिया बोलींच्या या मुलखात आधी भाषेपासूनच सुरुवात करणे भाग होते, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो ही अडचण तर सर्वांसाठी सारखीच.

आज या जिल्ह्यांत ख्रिस्ती होणाऱ्याला मागे खेचणाऱ्या गोष्टींत कायद्याचाही एक भाग आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता, 1956 मध्ये तो शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना लागू झाला, मात्र ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा, म्हणजे बौद्ध धर्माची दीक्षा, दिली, तेथे हा फरक लोकांना नीट ठाऊक आहे, आणि ‘मुलांचे शिक्षण, नोकरी याचा विचार कर’ असे सांगणारा बाप मुलाच्या श्रद्धेचा वैरी नसतो. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अशी अट नाही. परंतु माडिया किंवा गोंड गावात प्रश्न वेगळा उभा राहतो. पंडुम, म्हणजे हंगामाचे सण, साऱ्या गावाने मिळून करायचे असतात. पेरणी, नवे धान्य आणि पेन म्हणजे कुळदेव यांची सांगड त्यात असते. एखादे घर त्यातून बाजूला झाले तर गावाला आपली एकी तुटल्यासारखे वाटते.

येथे पाचव्या अध्यायातला नहेम्या उपयोगी पडतो. पेनाची पूजा करणार नाही हे ख्रिस्ती माणूस ठामपणे सांगू शकतो, आणि त्यासाठी धमकी, बहिष्कार किंवा मारहाण झाली तर गावाच्या दडपणापुढे न झुकता संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने दिलेल्या धर्मस्वातंत्र्याचा आधार घेणे हेही पहारा बसवण्यासारखेच शहाणपण आहे. मात्र तू आमच्या सुखदुःखातून उठून गेलास, मयताला आला नाहीस, रोवणीला हात लावला नाहीस, असे गावकरी म्हणत असतील तर ती नाउमेदी नव्हे, तक्रार आहे, आणि तिचे उत्तर प्रार्थनेनंतर चिखलात उतरून द्यायचे असते. पाळकांनी, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्यांनी, नव्या विश्वासणाऱ्याला हा भेद पहिल्या वर्षीच शिकवायला हवा. नाहीतर प्रत्येक विरोध हा छळ वाटू लागतो आणि ज्या शेजाऱ्यांबरोबर आयुष्य काढायचे त्यांचेच बोलणे ऐकू येईनासे होते.