अजून येत नाही

आमच्या सीमाभागातील मराठी घरांत मुलांना बहुधा दोन शाळा असतात. एक गावातली, कानडी किंवा इंग्रजी माध्यमाची. दुसरी घरातली, जिथे आजी गुरुचरित्राची पोथी पुढ्यात ठेवून नातवंडांना अक्षरे लावावयास शिकविते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून या दुसऱ्या शाळेचे महत्त्व वाढतच गेले आहे. अलीकडे काही पालक तर मुलांचे सारेच शिक्षण घरी करू पाहतात. पुढे वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा देता येते. या घरच्या शाळेत मास्तर म्हणून आमच्या हातून घडलेली एक चूक आज वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

सन २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आमची नऊ वर्षांची भाची आजोळी आली. शाळा कानडी असल्याने तिला मराठी वाचन बेताचेच येत होते. महिनाभरात ती धडे घडाघडा वाचू लागली. आम्हांस केवढा आनंद झाला! घरी पाहुणे आले की आम्ही तिला हाक मारून वाचावयास लावीत असू आणि वर म्हणत असू, "पोर एकपाठी आहे हो, उपजतच हुशार!" पुढे एके दिवशी आम्ही तिच्या हाती जरा अवघड पुस्तक दिले. दोन ओळींवर ती अडखळली, पुस्तक मिटले आणि म्हणाली, "मामा, मला हे येत नाही. मला जुनंच पुस्तक द्या." त्यानंतर कित्येक दिवस तिने नव्या पुस्तकास हात लावला नाही. तीस वर्षे शिकविण्यात घालविलेल्या आम्हांस याचा उलगडा होईना.

उलगडा झाला तो वाचनातून. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले होते. मुलांना कोडी सोडवावयास दिली. काहींना सांगितले, 'तू हुशार आहेस'. काहींना सांगितले, 'तू मेहनत घेतलीस'. पुढचे काम निवडण्याची वेळ आली तेव्हा हुशारीची स्तुती ऐकलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी सोपे काम पसंत केले, तर मेहनतीची स्तुती ऐकलेल्यांपैकी बहुतेकांनी नवे शिकविणारे काम घेतले. कारण उघड आहे. ज्याला 'हुशार' ही पदवी मिळाली, त्याला ती गमावण्याचे भय वाटू लागते. बुद्धी ही ठरलेली नसून सरावाने वाढते, या धारणेस ड्वेकबाईंनी पुढे 'वाढीची मनोवृत्ती' म्हटले. मात्र ही जादूची कांडी नव्हे. २०१९ साली तिकडच्याच सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवरील अभ्यासात या शिकवणुकीचा लाभ दिसला तो थोडाच, आणि तोही अभ्यासात मागे पडलेल्यांना. पण मागे पडलेल्याचे थोडे पुढे येणे किती मोलाचे असते, हे शिक्षकाला विचारावे!

आमच्या भागात तर चुकांकडे पाहण्याची ही दृष्टी विशेष अगत्याची आहे. कानडीत शिकणारे मूल 'मी भाकर खाल्लो' असे म्हणते. घरात हशा पिकतो. वस्तुतः कानडीत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते आणि मराठीत येथे ते कर्माप्रमाणे चालते. मुलाने एका भाषेचा नियम दुसरीस प्रामाणिकपणे लावलेला असतो. तीच गोष्ट लिंगांची. कानडीत निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. आमची खुर्ची मात्र 'ती' आणि पंखा 'तो'! ही चूक बुद्धीच्या अभावाची नव्हे, दोन भाषा एकाच वेळी पेलण्याची आहे. 'असं का म्हटलंस?' एवढे विचारून दोन्ही भाषांतील वाक्ये शेजारी शेजारी मांडली, तर त्याच चुकीतून व्याकरणाचा उत्तम पाठ होतो.

घरच्या शिक्षणाचे सामर्थ्य आमच्या समाजाला नवे नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने लेकीला. दुष्काळाने आईवडील हिरावले, तरी शिकणे थांबले नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. विशेष हे की त्या पदव्यांवर त्या विसंबून राहिल्या नाहीत. पुढे त्या इंग्रजी शिकल्या आणि बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीकही शिकल्या. पंडिता म्हणून गौरविलेल्या स्त्रीने पुन्हा अक्षरे गिरवावयास बसावे, यातच सारे आले.

आता भाचीचे काय झाले ते सांगतो. तिला मार्गावर आणले ते आम्ही नव्हे, आमच्या मातोश्रींनी. एका सकाळी पोथी वाचताना त्या एका शब्दापाशी थांबल्या आणि नातीला म्हणाल्या, "बाळ, साठ वर्षं झाली, हा शब्द मला अजून लागला नाही बघ. बस जरा, दोघी मिळून लावू." आजीलाही येत नाही, आणि तिला त्याची लाजही वाटत नाही, हे पाहून पोरीचा चेहरा उजळला. दोघींनी तो शब्द फोडला, मग पुढची ओवी घेतली. संध्याकाळी ते अवघड पुस्तक पुन्हा उघडलेले आम्ही पाहिले. यावेळी आम्ही 'हुशार' म्हटले नाही, "काल दोन ओळींवर थांबली होतीस, आज पान संपवलंस. कसं जमवलंस?" एवढेच विचारले. ती बराच वेळ सांगत बसली.

घरी शिकविणाऱ्या मातापित्यांस आमची विनंती इतकीच. मूल 'येत नाही' म्हणाले की त्या वाक्यात 'अजून' हा एक शब्द आपण घालावा, आणि अधूनमधून आपल्यालाही काय अजून येत नाही, ते त्याला मोकळेपणी सांगावे. आम्ही स्वतः पन्नाशीनंतर कानडी टिपण नीट लिहावयास शिकत आहो. भाची तपासून देते, आणि चुका दाखविताना हसत नाही.