तेरा वर्षांच्या पोराने कास्पारोव्हला रोखलं तेव्हा

मार्च 2004, आइसलँडमधलं रेक्याविक. जलद बुद्धिबळ स्पर्धेत जागतिक क्रमवारीतल्या अव्वल गॅरी कास्पारोव्हसमोर बसला होता 13 वर्षांचा नॉर्वेजियन मुलगा, मॅग्नस कार्लसन. मानांकनातली दरी तीनशेहून अधिक गुणांची!

पांढरी मोहरी घेऊन खेळणाऱ्या या पोराने दिग्गजाला चांगलाच घाम फोडला. विजयाची संधी हुकली, पण डाव 52 चालींत बरोबरीत सुटला.

मानांकनाच्या एलो पद्धतीनुसार 300 गुणांनी वरचढ खेळाडूकडून दर डावाला सरासरी 0.85 गुण अपेक्षित असतात. त्यामुळे बरोबरीचा अर्धा गुण त्याला तोट्याचा, तर समोरच्याला घबाडच.

पुढचा डाव कास्पारोव्हने जिंकला. कार्लसन 2013मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंदला हरवून विश्वविजेता झाला.