पॅनेल टिकतं, बाकीचं?

20 मे 2020 रोजी अम्फान वादळ कोलकात्यावरून गेलं, तेव्हा डमडमला वाऱ्याचा वेग ताशी 133 किलोमीटर नोंदला गेला. बांधकामाच्या भारतीय मानकात कोलकात्यासाठी सेकंदाला 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटर वारा धरलेला आहे. सौर पॅनेलचा सांगाडा त्या हिशोबाने बसवला असेल तर असं वादळ निभावतं. चार पैसे वाचवायला तो गच्चीवर नुसता विटांनी दाबून ठेवला असेल, तर पंचवीस वर्षांची वॉरंटी कागदावरच राहते.

सौर विजेचा हिशोब बंगालला नवा नाही. 1996 साली सागर बेटावर कमलपूरला 26 किलोवॅटचं सौरकेंद्र सुरू झालं. सौरतज्ज्ञ शांतिपद गणचौधुरी यांचा त्यात मोठा पुढाकार. संध्याकाळचे ठरावीक तास वीज, महिन्याला ठरावीक रक्कम. तुलना रॉकेल-डिझेलशी होती, म्हणून तेव्हाची महाग सौर वीजही परवडली. पुढे मुरीगंगा नदी ओलांडून ग्रिडची वीज बेटावर आली आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. गुंतवणूक कधी वसूल होईल हे विक्रेते हौसेने सांगतात, पण गिऱ्हाईकच निघून जाण्याचा धोका त्यांच्या तक्त्यात कधीच नसतो.

अशा केंद्रांना बॅटरीही सांभाळावी लागे, आणि लेड-ॲसिड बॅटरी चार-पाच वर्षांत मान टाकते. 2008 साली न्यू टाउनमध्ये 'रबिरश्मी' ही 25 घरांची वसाहत झाली. तिथली सौर यंत्रणा थेट ग्रिडला जोडलेली होती, म्हणजे बॅटरीवर विसंबायची गरज नव्हती. डमडम विमानतळाच्या आवारात तर पुढे 15 मेगावॅटचा प्रकल्प आला.

आता घरचं गणित. कोलकात्यात एक किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1300 युनिट मिळतात. तीन किलोवॅटच्या यंत्रणेचा खर्च 1.8 लाख आणि युनिटचा दर 7 रुपये धरला, तर वर्षाला 27 हजार वाचतात. 2024 च्या सूर्यघर योजनेचं 78 हजारांचं अनुदान मिळालं तर पैसे चार वर्षांच्या आत सुटतात, नाहीतर साडेसहा-सात वर्षं. पॅनेलची क्षमता वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घटते. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. शिवाय हिवाळ्यात इथे महिनोन्‌महिने पाऊस नसतो. काचेवर धुळीचा आणि धुराचा राखाडी थर बसतो, त्यात कबुतरांची शिट. पाण्याची बादली घेऊन गच्चीवर कोण चढणार, हे पॅनेल घेतानाच ठरवलेलं बरं.