यंत्राचें शून्य

दिघाशी हें भिवंडी तालुक्यांतलें एक खेडें. तेथें आलेल्या एखाद्या नवख्या गृहस्थास "शंभर पावलें पूर्वेस चला, घर लागेल" असें कोणी सांगितलें, तर तो आधीं विचारील, "पण कोठून?" संगणकाच्या आज्ञेनें चालणाऱ्या सीएनसी यंत्रापुढेंही हाच प्रश्न असतो. मात्र यंत्र तो विचारीत नाहीं. चुकीच्या जागेहून निघालें तरी तें तितक्याच निष्ठेनें शंभर पावलें मोजतें आणि पोलादांत भोक पाडून मोकळें होतें.

अंतर मोजण्यासाठीं मोटरीवर एन्कोडर नांवाचें साधन असतें. साधा एन्कोडर मेज किती सरकलें एवढेंच मोजतो. वीज गेली कीं हिशेब पुसला जातो. म्हणून वीज आल्यावर यंत्रास प्रथम 'होम'ला, म्हणजे स्वस्थानीं, पाठवितात. मेज वेगानें एका टोकाकडे जातें, तेथील खटका दाबला जातांच मंदावतें, आणि खटका सुटल्यावर एन्कोडरची जी पहिली खूण येते तेथें शून्य मांडलें जातें. नुसत्या खटक्यावर कां भागूं नये? कारण तेल, कीस, उष्णता यांमुळें तो केसभर मागेंपुढें दाबला जाणारच. खूण नेमकी खरी, पण ती दर फेऱ्यास एकदां येते. फेरा कोणता हें खटक्यानें सांगावयाचें, त्यांतली जागा खुणेनें. युक्ति सुरेख आहे, पण तिच्यांत एक खोड आहे. खटका सुटण्याची जागा खुणेच्या अगदीं लगत आली, तर एखादे दिवशीं ती खूण हुकते व यंत्र पुढची धरतें. मोटर स्क्रूला थेट जोडलेली असून स्क्रूचा फेरा 10 मिलिमीटरचा असेल, तर सारें काम बरोबर 10 मिलिमीटर सरकतें. चूक अशी नेमक्या एका फेऱ्याची निघाली, कीं जाणता कारागीर आधीं खटका तपासतो.

कामाचें शून्य याहून निराळें. व्हाईसमध्यें धरलेल्या जॉबचा कोपरा यंत्राच्या शून्यापासून किती दूर आहे, तें शोधून 'जी 54' या खात्यांत लिहावें लागतें. डाव्या कडेस 10 मिलिमीटर व्यासाचा एज फाइंडर टेकला आणि पडद्यावर उणे 312.480 दिसलें, तर कड तेथें नसते. फाइंडरची 5 मिलिमीटर त्रिज्या मिळवून ती उणे 307.480 वर येते. नवशिका हे पांच विसरतो आणि सगळीं भोकें तितकीं डावीकडे पडतात.

हल्लींच्या बऱ्याच यंत्रांत वीज गेल्यावरही जागा लक्षांत ठेवणारा एन्कोडर असतो. त्याची स्मृति बहुधा एका लहानशा बॅटरीवर चालते, आणि ती बॅटरी यंत्र चालूं असतांनाच बदलावी लागते. बंद यंत्राची काढली, तर शून्य पुन्हां पहिल्यापासून शोधावें लागतें.