तोल सांभाळतं कोण?

आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपते आणि काटेवाडी, सणसर करत इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीत पोचते. सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण इथलंच. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका या रिंगणात धावतात. काहीजणी तर आपल्या आजीच्या वयाच्या! पायाखाली कधी चिखल, आजूबाजूला ही गर्दी, तरी तुळस पडत नाही. आणि आपण? मोबाईल बघत कॉलेजचा जिना उतरताना धडपडतो. यामागे विठ्ठलाची कृपा आहेच म्हणा, पण शास्त्रही सॉलिड आहे.

तीन खबरे

तोलाची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. पहिला खबरी कान. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो. डोकं वळलं की द्रव जरा मागे रेंगाळतो आणि तिथल्या बारीक केसांच्या पेशी मेंदूला कळवतात, 'वळलो!' दुसरे खबरी डोळे. तिसरा खबरी म्हणजे तळपाय, घोटे, मान, सगळे सांधे आणि स्नायू. कुठला भाग कुठे आहे, किती ताणलाय, हे ते न बघताही सांगतात. तिघांचा ताळमेळ लावण्यात मोठं काम करतो लहान मेंदू.

खबरी भांडले की काय होतं, हे फुगडी खेळणाऱ्याला विचारा. आपण थांबतो, पण कानातला द्रव लगेच थांबत नाही. कान म्हणतात फिरतोय, पाय म्हणतात उभे आहोत. झालं, गरगरायला लागतं! कानात गार किंवा गरम पाणी सोडलं तरी चक्कर येते, यावरून रॉबर्ट बारानी या डॉक्टरनं कान आणि तोलाचं नातं उलगडलं. त्यासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं.

स्थिर? छे!

आपण सरळ उभे असतो तेव्हाही शरीर सतत थोडंथोडं झुलत असतं. लहान झोक घोटे सावरतात. धक्का मोठा असेल तर कंबर मदतीला येते. तरीही नाही जमलं तर पाऊल टाकावं लागतं. खच्चून भरलेल्या एसटीत उभं राहून प्रवास करताना हे तिन्ही प्रकार एका ब्रेकमध्ये अनुभवता येतात.

डोक्यावर ओझं आलं की शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि काम अवघड होतं. पण सरावानं तेही जमतं. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायका स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं डोक्यावर घेऊन चालतात, तरी त्यांना जास्तीची ऊर्जा लागत नाही, असं १९८६ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं. थोडक्यात, तोल घोटवून घेता येतो.

मुरगळलेला पाय

इथेच आपली गडबड होते. कबड्डी खेळताना पाय मुरगळतो, सूज उतरते आणि आपण लगेच मैदानात! पण सूज उतरली म्हणजे घोट्यातला खबरी कामावर आला असं नाही. तो उशिरा खबर देतो, पाऊल वाकडं पडतं आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट एका पायावर उभं राहायचे व्यायाम देतात. कंटाळवाणे वाटतात, पण तेच सोडून चालत नाही.

घरातल्या मोठ्यांसाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यात सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचं. वयानुसार नजर आणि कान मंदावतात, मधुमेहात तळपाय बधिर होऊ शकतात. तिन्ही खबरी एकदम थकतात. त्यामुळे रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवणं ही साधी गोष्टसुद्धा आजीसाठी मोठी असते. निदान डोळे तरी कामावर राहतात!

करून बघा

- भिंतीजवळ एका पायावर ३० सेकंद उभे राहा. जमलं?
- आता तेच डोळे मिटून करा. डुगडुगलात, तर इतका वेळ डोळेच तुम्हाला सावरत होते.
- रोज दात घासताना आधी एका, मग दुसऱ्या पायावर उभे राहा. पाय नुकताच मुरगळला असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.