स्विचनं ओळखलं म्हणजे चाललं, असं नव्हे

नेटवर्कच्या धंद्यात एक वाक्य रोज कानावर पडतं : "मॉड्यूल कम्पॅटिबल आहे, लावा बिनधास्त." विक्रेता तेच कोटेशनवर लिहितो, खरेदी विभाग सर्वांत स्वस्त ओळीवर टिकमार्क करतो आणि बसवायच्या दिवशी पोर्टचा दिवा काही लागत नाही. मग एक जण म्हणतो, "ओरिजिनलच घ्यायला हवं होतं." दुसरा म्हणतो, "स्विचच गंडलाय." बहुतेक वेळा दोघंही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत असतात.

मोठा गैरसमज : स्विचनं तांब्याचं एसएफपी मॉड्यूल (स्विचच्या खाचेत बसणारं, आरजे-४५ केबल घेणारं) स्वीकारलं की ते चालणारच, नाकारलं, तर ते खराब.

वस्तुस्थिती : ओळख पटणं आणि काम होणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एसएफपीचा आकार, पिना आणि मेमरीची मांडणी आयएनएफ-८०७४ या दस्तऐवजात ठरली. हे आयट्रिपलईचं मानक नव्हे, उत्पादकांनी आपसांत केलेला करार आहे. त्यानुसार प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक छोटी मेमरी चिप असते. शून्यापासून मोजलं, तर २० ते ३५ या बाइट्समध्ये उत्पादकाचं नाव, ४० ते ५५ मध्ये पार्ट नंबर आणि ६८ ते ८३ मध्ये सिरियल नंबर असतो. ९६ पासूनचे ३२ बाइट उत्पादकाला मोकळे सोडलेले आहेत. काही स्विच कंपन्या स्वतःची खूण तिथे ठेवतात आणि पोर्ट सुरू करण्याआधी ती तपासतात. बाजारात ज्याला 'कोडिंग' म्हणतात, ते म्हणजे ही मेमरी हवी तशी लिहून देणं. बस्स, एवढंच.

खूण जुळली नाही, तर सिस्कोचे अनेक स्विच 'जीबिक-इनव्हॅलिड' असं कारण देऊन पोर्ट बंद करतात. त्याच स्विचवर 'सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर' ही कमांड दिली की बऱ्याचदा तेच मॉड्यूल निमूटपणे कामाला लागतं. मॉड्यूल तेच, केबल तीच. मग खराब नेमकं काय होतं?

आता उलट बाजू, आणि खरा घोळ इथेच आहे. फायबरच्या साध्या मॉड्यूलमध्ये लेझर, प्रकाश टिपणारा डायोड आणि त्यांना चालवणारी थोडी सर्किट्स असतात. तांब्याच्या १०००बेस-टी मॉड्यूलमध्ये मात्र फाय नावाची अख्खी चिप बसवलेली असते. केबलच्या चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी जाणारे सिग्नल ती सांभाळते. स्विचशी बोलण्याच्या तिच्या नेहमीच्या दोन पद्धती आहेत : १०००बेस-एक्स किंवा एसजीएमआयआय. पहिल्या पद्धतीत वेग एकच, १ गिगाबिट. दुसरीत १०, १०० आणि १००० मेगाबिट हे तिन्ही वेग मिळू शकतात, पण स्विचच्या पोर्टलाही एसजीएमआयआय यायला हवं.

ऑफिसातलं जुनं थंब मशीन घ्या. त्याचं पोर्ट १०/१०० मेगाबिटचं. ते १०००बेस-एक्स पद्धतीच्या मॉड्यूलला जोडलं, तर स्विचच्या यादीत उत्पादकाचं नाव, पार्ट नंबर, सिरियल नंबर सगळं व्यवस्थित झळकतं, केबल टेस्टरही केबल ठीक असल्याचं सांगतो, आणि लिंक मात्र येत नाही. तेच मशीन स्विचच्या साध्या आरजे-४५ पोर्टला लावलं की लगेच चालतं. अशा वेळी मॉड्यूल पुन्हा कोडिंगला पाठवणारे लोक आहेत! वॉचमननं ओळखपत्र पाहून आत सोडलं म्हणून माणसाला काम येतं असं ठरत नाही, आणि ओळखपत्र नवीन छापून आणल्यानं ते येऊही लागत नाही.

याच्या बरोबर विरुद्धही घडतं. काही मॉड्यूल्स 'सिग्नल नाही' हे सांगणारी पिन वापरतच नाहीत. त्यात पोर्टचं ऑटोनिगोशिएशन बंद असेल, तर केबल न लावताही पोर्टचा दिवा लागू शकतो.

विश्वास बसत नसेल, तर लिनक्स कर्नलमधला एसएफपी ड्रायव्हर उघडून पाहा. उत्पादकाचं नाव आणि पार्ट नंबर पाहून वेगळी वागणूक द्यायच्या मॉड्यूल्सची यादीच त्यात 'क्वर्क्स' नावानं दिलेली आहे. मेमरीतली माहिती पुरेशी आणि खरी असती, तर या यादीची गरजच पडली नसती. मॉड्यूल १०००बेस-टी आहे हे सांगणारी जागा मूळ करारात आहे. ते स्विचशी कोणत्या पद्धतीनं बोलतं, हे सांगणारी नाही.

किरकोळ गैरसमज, थोडक्यात

*परकं मॉड्यूल लावलं की वॉरंटी गेली.* सरसकट नाही. सिस्कोचं जाहीर धोरण असं, की बिघाड परक्या भागामुळे झाला असं कंपनीला वाटलं, तर ती सपोर्ट नाकारू शकते.

*१० गिगाबिट तांब्यावर १०० मीटर जातं.* २००६ च्या ८०२.३एएन मानकानुसार कॅट ६ए केबलवर जातं. एसएफपी प्लस मॉड्यूलमध्ये वीज कमी मिळते, म्हणून अनेकांची मर्यादा ३० मीटर असते. डेटाशीट वाचा.

*हात लावला तर चटका बसतो, म्हणजे बिघडलं.* एसएफपी प्लसच्या एसएफएफ-८४३१ या दस्तऐवजातली दुसरी पॉवर लेव्हल १.५ वॅटची आहे. १० गिगाबिटची अनेक तांब्याची मॉड्यूल्स २.५ वॅटच्या आसपास घेतात. म्हणून शेजारशेजारची पोर्टं भरू नका.

*डॅक म्हणजे नुसती वायर.* डॅक ही दोन्ही टोकांना मॉड्यूल बसवलेली तांब्याची तयार केबल; तिच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र मेमरी असते. दोन वेगळ्या कंपन्यांचे स्विच जोडायचे, तर दोन टोकांचं कोडिंग वेगळं लागू शकतं.

*ऑप्टिकल पॉवर दिसत नाही, मॉड्यूल गेलं.* तांब्यात प्रकाशच नाही, तर मोजणार काय?

*आरजे-४५ आहे, म्हणजे पीओई (केबलमधूनच वीज) मिळेल.* मिळत नाही. कॅमेऱ्याला वीज वेगळी द्या.

तेव्हा पुढच्या वेळी ऑर्डरवर 'कम्पॅटिबल' एवढंच लिहून घेऊ नका. स्विचचं पूर्ण मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, एसजीएमआयआय चालतं की नाही, पलीकडच्या यंत्राचा वेग, केबलची लांबी आणि मॉड्यूल किती वॅट घेतं, हे सगळं लेखी मागा. विक्रेत्याकडे उत्तरं नसतील, तर आधी दोनच नग मागवा, तुमच्याच स्विचवर तुमच्याच यंत्रांना जोडून पाहा आणि मगच पन्नासांची ऑर्डर द्या.