पोर्ट-क्रमांक : संकेत आणि सुरक्षितता

एकाच संगणकावर अनेक सेवा एकाच वेळी चालू असतात. बाहेरून आलेला संदेश त्यांपैकी कोणत्या सेवेकडे जावयाचा, हे ठरविण्यासाठी त्यावर ० ते ६५५३५ यांमधील एक क्रमांक घातलेला असतो. यालाच पोर्ट-क्रमांक म्हणतात. क्रमांक आणि सेवा यांत स्वाभाविक नाते कोणतेच नाही. शब्द व अर्थ यांच्या संबंधाप्रमाणे तोही केवळ रूढ संकेत होय. दुरून संगणक हाताळण्याच्या जुन्या साधनांपैकी केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधनशाळेत निर्माण झालेल्या व्हीएनसीचा संकेत ५९०० हा आहे. पीसी-एनीव्हेअरचे ५६३१ व ५६३२ हे होते. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९.

संकेत सर्वांस ठाऊक असतो, म्हणूनच तो उपयोगी पडतो. त्याच्याकडून गुप्ततेची अपेक्षा करणे हा वदतोव्याघात होय. ५९०० ऐवजी दुसरा क्रमांक योजून निश्चिंत होणारे व्यवस्थापक ही गोष्ट विसरतात. सर्व क्रमांक क्रमाने तपासणारी साधने सुलभ आहेत. शिवाय व्हीएनसीचा सर्व्हर संपर्क होताच ‘आरएफबी’ हे आपल्या भाषेचे नाव स्वतःच प्रथम उच्चारतो. घराचा क्रमांक बदलला, तरी दारी येणाऱ्यास आतला मनुष्य आपली ओळख सांगतोच.

खरे दौर्बल्य दाराआड असते. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरेच विचारात घेतली जातात आणि पुढील सर्व व्यवहार उघड्या रूपात चालतो. ही पद्धत अविश्वसनीय जाळ्यांकरिता नाही, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अधिकृत विवरणातच नमूद आहे. पीसी-एनीव्हेअरची मूळ आज्ञावली २००६ साली चोरीस गेली होती. जानेवारी २०१२ मध्ये सिमँटेकने ते साधन तूर्त बंद ठेवण्याचा सल्ला ग्राहकांस दिला. २०१९ साली उघडकीस आलेला ‘ब्लूकीप’ हा रिमोट डेस्कटॉपमधील दोष तर असा की, त्याचा गैरफायदा घेण्यास पासवर्डही लागत नसे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीलाही दुरुस्ती पुरविली.

यावरून निष्कर्ष स्पष्ट होतो. अशा सेवांची द्वारे इंटरनेटकडे उघडी ठेवू नयेत. एसएसएच अथवा व्हीपीएन यांच्या कूटबद्ध मार्गानेच त्यांपर्यंत पोहोचावे. आणि ज्यांची दुरुस्ती थांबली आहे, ती साधने काढून टाकावीत. क्रमांक पत्ता सांगतो. कुलपाचे काम त्याच्यावर सोपविता येत नाही.